नोटांचा गठ्ठा सरकवताना पायऱ्या पडतात, उपाय सुचवा

कानामात्रा (धागाकर्ता)
पतसंस्थांसाठी रोकड भरण्याचं मशीन जुळवतो आहे. मोजणी आणि तपासणी एकेक नोट सुटी करून होते, तिथे त्रास नाही. मोजलेल्या नोटा एका ताटात साठतात. ग्राहकाने रक्कम मान्य केली की तो गठ्ठा (जास्तीत जास्त १०० नोटा, लांब कड पुढे) ३२० मिमी पुढे पेटीत न्यायचा. खालचा पट्टा मोटरवर, वरचा नुसता दाबाला. पेटीच्या तोंडाशी ९० अंशांचं वळण. १०-१५ नोटा सरळ जातात, ५० च्या वर गेल्या की वरच्या मागे रेंगाळतात, जिना होतो आणि वळणावर सगळं अडकतं. दाब वाढवला तर वरच्या नोटेला सुरकुत्या. पट्टे बदलू की मोटर?

सुटेनाणे
दोन्ही नको. पट्टा फक्त सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या नोटेला धरतो. मधल्या ९८ नोटा एकमेकींच्या घर्षणावर चालतात. ५०० च्या १०० नोटा म्हणजे सुमारे ९० ग्रॅम. ५ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण दिलंत तरी बल लागतं अर्धा न्यूटनसुद्धा नाही. १० न्यूटन दाबाला कागदावर कागद ३ न्यूटनच्या आसपास धरून ठेवतो. म्हणजे पकड भरपूर आहे. गुन्हेगार आहे तो तुमचा वरचा आळशी पट्टा. त्याच्या बेअरिंगची आणि आधारपट्टीवरच्या घासण्याची ओढ वरच्या नोटेला मागे खेचते. दाब वाढवला की पकड वाढते तशी ही ओढही वाढते, म्हणून गुण येत नाही.
दोन्ही पट्टे एकाच मोटरवर गिअरने जोडा. रोलरचा व्यास दोन्हीकडे सारखा, पट्टे एकाच लॉटचे आणि बदलताना जोडीनेच बदलायचे. एक नवा, एक झिजलेला म्हणजे पुन्हा जिना.

गिरमिट
वर सांगितलेलं करा, पण वळण आधी काढा. सुटी नोट रोलरभोवती वळते, गठ्ठा वळत नाही. हिशेब सोपा आहे: बाहेरची नोट आतल्या नोटेपेक्षा जाडी गुणिले कोन इतकी जास्त चालते. ११ मिमी जाडी, ९० अंश म्हणजे १.५७, फरक १७ मिमी. ६६ मिमी रुंदीच्या नोटेत १७ मिमीची पायरी! पट्टे कितीही भारी आणा, भूमिती हटत नाही. गठ्ठा सरळच न्या. दिशा बदलायची असेल तर चिमट्यात धरून अख्खा चिमटा फिरवा.

तागडी
दाबाच्या स्प्रिंगचंही बघा. साधी दाबस्प्रिंग असेल तर ५ नोटांना दाब कमी आणि १०० ला भलताच जास्त. नव्या १०० नोटा ११ मिमीच्या आसपास, वापरलेल्या सैल नोटा दीडपट फुगतात. घड्याळाच्या पट्टीसारखी कॉन्स्टंट फोर्स स्प्रिंग घाला. दाबपट्टी मधोमध गोळ्यावर बसवा, थोडी डुलू द्या. कोऱ्या नोटांचा गठ्ठा सुरक्षा धाग्याच्या रेषेवर फुगतो, त्यामुळे ताठ पट्टी एकाच बाजूला दाबते आणि गठ्ठा तिरका निघतो.
तिरकेपणा मोजायला पुढच्या कडेवर १०० मिमी अंतराने दोन सेन्सर पुरेत. २०० मिमी प्रति सेकंद वेगाला २० मिलिसेकंदांचा फरक म्हणजे ४ मिमी, सव्वादोन अंश. तिथेच थांबवा, पुढे ढकलू नका.

कानामात्रा
वळण काढतो. पण पिग्मीची रोकड म्हणजे दहा, वीस, पन्नास सगळं एकत्र. त्यात जुनी शंभराची नोट आली की?

गिरमिट
येणारच, ती अजून चलनात आहे. दहाची ६३ मिमी, नवी शंभराची ६६, जुनी ७३. अशा मिसळीला पट्ट्याच्या भरवशावर सोडू नका. दाब पूर्ण उघडा, मागची कड आणि एक बाजू दोन-तीन हलक्या टिचक्यांनी सारखी करा, मग दाबा. दाब असताना टिचक्या मारल्यात तर कडा दुमडतात. आणि पट्ट्यांसोबत मागून कंगवा लावा: दाते ताटाच्या खाचांतून वर आलेले, गठ्ठ्याच्या पूर्ण उंचीइतके, खाली २ मिमी बुडालेले. सपाट ढकलपट्टी लावलीत तर खालची नोट हमखास तिच्याखाली शिरते. कंगव्याचा आणि पट्ट्याचा वेग मात्र एकच हवा.

सुटेनाणे
हवामानाची भर घालतो. कोकणात पावसाळ्यात नोटा ओल धरतात, खालची ताटाला चिकटते. गुळगुळीत स्टीलऐवजी ताटावर उभ्या बारीक रेघा काढा, टेकायची जागा कमी होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट, स्थिर वीज. तिथे कार्बन तंतूंचा ब्रश ताटाच्या तोंडाशी, अर्थिंगला जोडून. धूळ ब्लोअरने उडवू नका, ती सेन्सरच्या काचेवर जाऊन बसते, व्हॅक्यूमने ओढा. आणि पट्ट्यांना तेलाचा स्प्रे चुकूनही नको.

तागडी
एक राहिलं. गठ्ठा पेटीत गेला असं सेन्सर म्हणतो, पण ताटात एक नोट मागे राहिली तर ती पुढच्या ग्राहकाच्या गठ्ठ्यासोबत पेटीत जाते आणि संध्याकाळी हिशेब जुळत नाही. ताटाला आरपार भोक पाडून खालून प्रकाश, वर सेन्सर. अशा दोन जागा ठेवा, एक मध्यावर, एक मागच्या कडेला, कारण लहान नोट एकीला चुकवू शकते. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही मोकळ्या दिसल्याशिवाय शटर उघडायचं नाही. प्रकाश अडलेला दिसला तर कंगवा एकदा मागे आणून पुन्हा पुढे. तरीही अडला तर मशीन बंद करून माणूस बोलवा.

कानामात्रा
कंगवा आणि गिअर आधी करतो, ताटाला भोकं त्याच वेळी पाडून घेतो. खाचांची रुंदी किती ठेवू?

गिरमिट
दात ३ मिमी, खाच ५. त्याहून रुंद केलीत तर मळक्या नोटेचा दुमडलेला कोपरा आत लोंबतो. खाचांच्या कडा गोल घासून घ्या.