वेल्डिंगचं पहिलं काम कुठे शोधू?

नवशिका, पिंपरी:
औंध आयटीआयमधून वेल्डरचा १ वर्षाचा ट्रेड नुकताच झाला. आठवडाभर भोसरीत गेटोगेट फिरतोय. सगळीकडे एकच, 'अनुभव किती?' नसेल तर कोणी आत घेत नाही. काय करू?

भोसरीकर:
गेटवर बायोडाटा देऊ नकोस, तो सिक्युरिटीच्या टेबलावरच राहतो. सकाळी लवकर छोट्या फॅब्रिकेशन शेडवर जा, तिथे मालक स्वतः भेटतो. पगार विचारायच्या आधी म्हण, 'टेस्ट घ्या.' बहुतेक ३.१५ मिमीचा ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड आणि दोन पट्ट्या देतील. करंट ११० अँपिअरच्या आसपास ठेवून आधी भंगाराच्या तुकड्यावर ओढून बघ. स्लॅग (जोडावर जमलेली खपली) पूर्ण झाडून, ब्रश मारून मगच जॉब दाखव. तेवढ्यावरून पोराचा हात कळतो.

मला पहिल्या ठिकाणी तीन महिने नुसतं ग्राइंडिंग दिलं होतं. फार राग यायचा. पण फिटअप (तुकडे नीट जुळवणं) कसा घ्यायचा, टॅक (छोटा तात्पुरता टाका) कुठे मारला की जॉब ओढत नाही, म्हणजे वाकडा होत नाही, हे तिथंच शिकलो.

चाकणवाला:
आमच्याकडे गाड्यांच्या पार्टचं काम, त्यामुळे सीओटू (गॅस आणि तारेचं वेल्डिंग) जास्त, रॉड कमी. सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव टाक. स्टायपेंड थोडा, पण अनुभव कागदावर येतो.

नवशिका, पिंपरी:
उद्याच जातो दादा. वेल्डिंगची काळी काच स्वतःची नेऊ का?

भोसरीकर:
ने, ११ नंबरची. आणि शर्ट सुतीच घाल, टेरिकॉट ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतो.