मदत हवी आहे: तीन-भागी काउंटरवर एनएलआर कितपत धरायचा?

मंडळी, नमस्कार. खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या लहान लॅबमध्ये अजून तीन-भागी सेल काउंटरच (पांढऱ्या पेशी तीनच गटांत मोजणारी मशीन) जास्त. न्यूमोनियाच्या पेशंटची प्रकृती बिघडेल का, याच्या अंदाजासाठी डॉक्टर सीबीसीवरून (रक्तपेशींच्या मोजणीवरून) एनएलआर (न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट; दोन्ही पांढऱ्या पेशी) आणि पीएलआर (प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट) मागतात.

उदाहरण: न्यूट्रोफिल ७,८००, लिम्फोसाइट १,३००, प्लेटलेट २,६०,०००. एनएलआर ६, पीएलआर २००. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनंतर लिम्फोसाइट ६५० वर आले, तर बाकी आकडे तेच राहूनही एनएलआर १२ आणि पीएलआर ४००. आजार वाढला की औषधाचा परिणाम, हे आकडा सांगत नाही. म्हणून नमुना स्टेरॉइडच्या आधीचा की नंतरचा, हे फॉर्मवर हवंच.

खरी अडचण मशीनची. ते ग्रॅन्युलोसाइट (दाणेदार पांढऱ्या पेशींचा एकत्र गट) देतं, वेगळे न्यूट्रोफिल नाही. इओसिनोफिल (आणखी एक दाणेदार पेशी) वाढलेले असले की ते कुठल्या खान्यात गेले कळत नाही. स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) १०० पेशी मोजून लिम्फोसाइट १० टक्के आले, तर खरा आकडा ४ ते १८ मध्ये कुठेही असू शकतो. भागाकारात ही चूक फार फुगते. शिवाय ईडीटीएत (नळीतलं रक्त गोठू न देणारं रसायन) प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की पीएलआर खोटा कमी येतो. तिथे सायट्रेट या तशाच दुसऱ्या रसायनात पुन्हा नमुना घेऊन आलेला आकडा १.१ ने गुणायचा, एवढं ठीक.

विचारायचं आहे ते असं:

तुम्ही २०० पेशी मोजता की नमुना बेळगावला पाच-भागी (न्यूट्रोफिल, इओसिनोफिल वेगळे मोजणाऱ्या) मशीनवर पाठवता? पाठवत असाल तर किती तासांच्या आत, बर्फावर की साध्या तापमानाला? आणि रिपोर्टवर एकच आकडा देता, की पहिल्या व तिसऱ्या दिवसाचा शेजारी-शेजारी?