हाताने वस्तू बनवून विकणाऱ्यांनो, नवीन डिझाइन सुचतं कुठून? (अनुभव धागा)

खणवाली
दिवाळीच्या ऑर्डरी संपल्या की दरवर्षी माझं असं होतं. कपाट भरून गुळेदगुड्डचा खण आहे, मशीन आहे, वेळही आहे, आणि सुचत काहीच नाही. पाउच झाले, डायऱ्यांची कव्हरं झाली, कानातले झाले, खणाचा आकाशकंदील तर आता प्रत्येक गल्लीत एक जण करतोय. पिंटरेस्ट उघडलं की तास जातो आणि शेवटी फिरून फिरून त्याच चार गोष्टी दिसतात, त्यातली एक तर माझीच निघाली, माझ्याच ओट्यावर काढलेल्या फोटोसकट. म्हणून हा धागा. निसर्गात फिरा, ध्यान करा असलं काही सांगू नका प्लीज, ते गूगल पण सांगतं. तुम्ही केलेली एखादी खरी वस्तू घ्या आणि ती कुठून आली ते लिहा. लांबलचक झालं तरी चालेल, मला पॅकिंग करताना वाचायला लागतं काहीतरी.

धावदोरा
मी गोधड्या करते, गावातल्या पाच-सहा जणी माझ्याबरोबर असतात. आमचं कापड आम्ही निवडतच नाही, गिऱ्हाईक पाठवतं. आजी गेलेली असते, तिच्या साड्या टाकवत नाहीत आणि कुणी नेसतही नाही, मग एक दिवस खोका येतो. त्यामुळे आता काय करू असं म्हणत बसायची वेळच येत नाही, साड्या उघडायच्या आणि काय शिल्लक आहे ते बघायचं. काठ बहुतेक धड असतात, पदर धड असतो, बसून बसून मागचा भाग विरलेला असतो. म्हणजे कुठला रंग किती मिळणार हे त्या बाईच्या नेसण्यानेच ठरवून टाकलेलं असतं, आम्ही फक्त जुळवायचं.

एका घरून आलेल्या सगळ्या साड्या पांढऱ्या नाहीतर फिक्या करड्या. आजी तरुणपणीच विधवा झालेल्या, नंतर आयुष्यभर तेच नेसल्या. मुलगी फोनवर म्हणाली ताई यात रंग कसा येणार, बाहेरचं कापड लावा थोडं. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या बाहेरचं काही लावायचं नाही, दोरा रंगीत घ्या. मग लाल, हळदी पिवळा, पोपटी असा जाड दोरा आणला आणि पांढऱ्यावर नुसता धावदोरा घातला, ओळीला ओळ लागून इतका जवळ की लांबून अख्खी गोधडीच रंगीत वाटावी. तेव्हापासून पांढऱ्यावर रंगीत दोरा हीच आमची सगळ्यात जास्त खपणारी गोधडी आहे, आणि लोक विचारतात डिझायनर कोण. मावशी सातवी शिकल्यात.

अजून एक. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी (मूळ आफ्रिकेतून आलेला समाज) बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात, ती बघायला गेले होते. त्या कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्याकडे येतात आणि चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी लावतात, तिला फुल्ला म्हणतात, ती लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. आम्ही फुल्ला उचलला नाही, तो त्यांचा आहे. पण कोपरा ही काहीतरी करायची जागा आहे हे डोक्यात बसलं, आणि आता आम्ही कोपऱ्यात त्या आजीच्या ब्लाउजचा तुकडा लावतो. ब्लाउजपीस लोक पाठवायचे आणि आम्ही परत करायचो, कारण लहान तुकड्यांचं काय करायचं ते कळायचं नाही. गिऱ्हाइकाचा हात सगळ्यात आधी त्या कोपऱ्यावरच जातो.

क्रोशेकाकू
रात्रीची भांडी घासताना. बाकी कुठे काही सुचत नाही. ओल्या हाताने लिहिता येईल अशी वही मिळते का कुठे?

मातीचे_दागिने_पुणे
मी टेराकोटाचे दागिने करते. माझं उत्तर सरळ आहे, राजा दिनकर केळकर संग्रहालय. शाळेच्या सहलीत सगळे धावत बघून आलेत ते, आता एकदा सावकाश जा. तिथे नुसते अडकित्ते बघत बसलं तरी दुपार जाते. एका सुपारीच्या कामासाठी लोकांनी घोडे, पोपट, बाईमाणूस काय काय केलंय, आणि वज्री बघा, म्हणजे पाय घासायची वस्तू, तिच्यावर पक्षी बसवलाय आणि आत घुंगरू. अंघोळ करताना वाजावं म्हणून! ही काही राजाच्या तिजोरीतली वस्तू नाही, टाचेचा मळ काढायची आहे.

माझा एक नियम आहे, तिथे फोन बाहेर काढायचा नाही, पेन्सिलने काढायचं. फोटो काढला की आपण त्याच्याकडे परत बघत नाही हा एक भाग झाला, पण खरी गंमत अशी की माझं चित्र फार वाईट आहे आणि त्यामुळेच काम होतं. वज्रीवरचा पक्षी मी काढला तो बदकासारखा आला, मान आखूड, शेपटी जाड. घरी येऊन त्या चुकलेल्या पक्ष्याचंच पेंडंट केलं. हुबेहूब जमलं असतं तर ती संग्रहालयाची नक्कल झाली असती. आखूड मानेचा एक फायदा पण झाला, टेराकोटात लांब मान भट्टीत नाहीतर कुरिअरमध्ये तुटतेच.

खणवाली
ओल्या हाताच्या वहीचं मलाही सांगा कुणीतरी. आणि मावशींना नमस्कार सांगा.

कापशी_कोल्हापूर
ताई राग मानू नका पण हे सुचणं-बिचणं ज्यांच्या दुकानाला भाडं नाही त्यांचं आहे. आमच्यात आज्जाच्या वेळची चपलांची पुठ्ठ्याची मापं आहेत, कापशी, पायटाण, कचकडी, तीच कापायची. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं कातडं मिळालं तर त्या दिवशी खूश, नाही मिळालं तर शोधत फिरायचं. माझं निम्मं डोकं कातड्यात जातंय, डिझाइन कधी काढू.

तरी तुम्ही खरी वस्तू विचारलीय म्हणून सांगतो. पूर्वी लोक मुद्दाम करकर वाजणारी चप्पल मागायचे, चार घरं आधी कळलं पाहिजे कोण येतंय ते. आता बँकेत काम करणाऱ्या एक मॅडम आल्या, म्हणाल्या मला कोल्हापुरीच पाहिजे पण आवाज अजिबात नको, सगळं ऑफिस वळून बघतं. वडील म्हणाले आवाज नको तर मग कोल्हापुरी कशाला घेताय. मी मात्र बसलो त्याच्यावर. तळाचे थर पातळ केले, शिलाई जवळ घेतली, घासणारी जागा शोधून तिथं मऊ कातडं घातलं. आता ती बिनआवाजाची म्हणूनच मागतात, शाळेच्या बाई तर सगळ्या तीच नेतात. म्हणजे सुचवलं त्या मॅडमनी, मी फक्त केलं.

आणि नकलेचं म्हणाल तर जून २०२५ ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानला रॅम्पवर आपल्यासारखीच चप्पल फिरवली तेव्हा कोल्हापूरचं नाव नव्हतं, बोंब उठल्यावर कबूल केलं. २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे आपल्याला, इकडचे चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार. त्या गडबडीनंतर फोन बरेच आले, पण सगळ्यांना तसलीच पाहिजे, गोंडा नको वेणी नको एकदम साधी. म्हटलं साधी आमच्याकडं पहिल्यापासून आहे, तुम्ही आधी विचारत नव्हता.

हिरडा_हळद
वर हिरड्याचं नाव आलं म्हणून लिहितेय, मी तोच हिरडा कापड रंगवायला वापरते. दसऱ्यानंतर देवळातून झेंडूचं निर्माल्य आणते, ज्यूसवाल्याकडून डाळिंबाची सालं. तुरटीवर झेंडू छान पिवळा येतो, हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळपट करडा, हे सगळं आता नेटवर मिळतं. मला नवीन काही मिळतं ते भांडं बदललं की. एका बॅचला स्टीलचं पातेलं रिकामं नव्हतं म्हणून जुन्या लोखंडी कढईत डाळिंबाची सालं उकळली, तर पिवळ्याच्या जागी शेवाळी हिरवा आला, आणि जिथे कापड कढईच्या कडेला चिकटलं होतं तिथे गडद ढग उमटले. पावसाळी सह्याद्री म्हणून विकले ते स्टोल. नाव नंतर सुचलं, आधी कढई. फक्त लोखंड जपून वापरा, जास्त झालं की सुती कापड वर्षभरात कुजल्यासारखं फाटतं.

टोरांटोची_सुई
इथे नोव्हेंबर ते मार्च बाहेर बघायला करड्या रंगाशिवाय काही नसतं, त्यामुळे ज्या निसर्गाबद्दल वर मनाई केलीय तो तसाही बंद असतो. मी भरतकामाच्या गोल चौकटी विकते, हूप म्हणतात त्या. पहिली काही वर्षं इथल्या बायकांसारखीच गुलाबं आणि इंग्रजी वाक्यं भरायचे, विक्री जेमतेम.

मग चैत्रात आईचा व्हिडिओ कॉल आला, ती दाराबाहेर चैत्रांगण काढत होती आणि फोन टेकवून ठेवलेला भिंतीला. चैत्रगौर बसते त्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत काढतात ते. पाळण्यात गौर, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, नाग, हत्ती, तुळशीवृंदावन. लहानपणी मी त्यात फक्त हळदकुंकू टाकायचे, नीट बघितलं असं कधी झालंच नव्हतं. बघता बघता लक्षात आलं की यातलं प्रत्येक चिन्ह चार-पाच रेघांत संपतं, कारण ते वाकून, चिमटीतून, एका दमात काढायचं असतं. भरतकामाला अजून काय पाहिजे? काळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने उलटी टीप आणि गाठींचे ठिपके, बस. पहिला नमुना आईला दाखवला तर कौतुक नाहीच, कासव कुठाय म्हणाली. कासव घातलं. आता लोक एकेक चिन्ह सुटं पण घेतात, कॅनडियन गिऱ्हाइकांना हत्ती आणि कासव, मराठी लोकांना गौरीचा पाळणा, तोही जास्त करून बाळ झालेल्या घरी द्यायला.

डहाणूकडची
आमच्याकडून थोडं वेगळं. चैत्रांगण तुमच्या आईचं होतं, छान केलंत. पण वारली म्हणून जे कपाबशांवर, बेडशीटवर दिसतं त्यातलं निम्मं कुणाच्याच घरचं नाही, तारप्याभोवतीचा (तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य) गोल नाच उचलायचा आणि छापायचा. लग्नचौक हा लग्नाच्या घरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने काढतात, मध्ये पालघाट देवी असते. ती टी-कोस्टरवर बघितली मी एका प्रदर्शनात. देवीवर चहाचा कप ठेवायचा का?

मला नवीन चित्र कुठून मिळतं तर गावातूनच. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंनी लग्नाशिवाय रोजची चित्रं काढायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी जाळी, मुंग्या, शेत असं समोरचंच काढलं. आमच्या समोर आता विरार लोकल आहे, दारात उभी माणसं आहेत, दुधाच्या किटल्या आहेत. लोकलच्या दारात लटकलेले त्रिकोणी लोक हे माझं सगळ्यात जास्त विकलेलं चित्र आहे, मुंबईवाले हसत हसत घेतात. चौक मात्र विकायला काढत नाही.

खणवाली
हे वाचून आपण कोस्टर करतो त्यावर काय काय छापलंय ते बघायला उठले. माझ्यावर फक्त मोर आहेत, वाचले. पण ब्लाउजच्या तुकड्यांचं वाचून एक विचार आला, खण मुळात चोळीचं कापड, दुकानात त्रिकोणी घडी घालून ठेवायचे. ती घडी तशीच ठेवून काहीतरी करता येईल का? पाकीट? कापून बघते, उद्या फोटो टाकते.

सावंतवाडी_पत्ते
मी गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांच्या, चित्रांचे मॅग्नेट आणि लाकडी डबे करतो, लाखेचं काम. मला सुचायचा त्रास होत नाही कारण दशावतारी गंजिफात १२० पत्ते आहेत, दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. राजा आणि प्रधान सोडले तर बाकीच्या पत्त्यांवर नुसती खूण मोजायची, मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, परशुरामाला परशू. आता दहा मासे एका छोट्या गोलात बसवायचे, एकही कापला जाता नये आणि दोन पावलांवरून बघितलं तरी दहाच दिसले पाहिजेत. हे कोडं रोज वेगळं सुटतं. कुणाला अडलंय त्यांनी करून बघा, एक वाटीएवढा गोल काढा आणि एकच आकार आधी तीनदा, मग सातदा, मग दहादा बसवा. सातला सगळ्यात जास्त मजा येते, सात कधी सरळ बसत नाहीत.

काटेरी_हलवा
मी शेवटी लिहितेय कारण आत्ता माझा सीझन. हलव्याचे दागिने. ह्यात नवीन काय येणार असं लोकांना वाटतं, पण मी दर डिसेंबरला घरच्यांचे, शेजाऱ्यांचे जुने लग्नाचे अल्बम मागून घेते, कृष्णधवल असतील तर उत्तम. त्यात सोनं दिसत नाही, नुसता आकार दिसतो, आणि हलवा पण पांढराच. चिंचपेटी, वज्रटीक, तन्मणी, वाकी हे सगळं मी फोटोतून उचललंय. वज्रटीक हलव्यात अशी जमते की बास, कारण काटा आलेला दाणा मुळातच खड्यासारखा दिसतो. मोहनमाळ नाही जमली, दाणे सारखे येत नाहीत.

बाकीचं सुचवायला गिऱ्हाइकं आहेतच. बोरन्हाणाला पूर्वी मुकुट आणि बासरी पुरायची, आता एका आईला जेसीबी पाहिजे, मुलगा दुसरं काही अंगावर ठेवणार नाही म्हणाली. केला, पिवळा रंग पाकात घालून. आयटीतल्या सुनेसाठी सासूबाईंनी लॅपटॉपच्या आकाराचा बाजूबंद सांगितला, तोही केला, सुनेने तो घालून ऑफिसची मीटिंग केली म्हणे. यंदा जावईबापूंसाठी स्मार्टवॉच आहे. पट्टा अजून जमत नाहीये, दमट हवेत सुटतो, कुणी गोंदाऐवजी दुसरं काही वापरत असेल, खाल्लं तरी चालेल असं, तर सांगा लवकर, संक्रांत आलीच.