एआर-१५ वर .२२ चालवायचीय: किट, अख्खा अप्पर, की वेगळी रायफलच?

केटीकर:
रेंजवर गेल्या रविवारी परत तोच वाद झाला म्हणून इथे टाकतोय. माझ्याकडे १६ इंच नळीची साधी एआर-१५ रायफल आहे, ५.५६ मिमी गोळीची, ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ) १:७. बायकोला शिकायचंय, मलाही हात चालू ठेवायचाय, पण ५.५६ ची एक गोळी मला इथे ह्यूस्टनकडे पन्नास सेंटच्या घरात पडते आणि लहान .२२ ची सात-आठ सेंटला मिळते, म्हणजे दोनशे गोळ्या उडवल्या तर शंभर डॉलर विरुद्ध पंधरा. माझं मत सरळ आहे, बोल्टच्या (गोळीमागच्या सरकत्या भागाच्या) जागी बसणारा किट घ्या आणि मोकळे व्हा. मागची पिन ढकलायची, रायफल उघडायची, मूळचा बोल्ट कॅरियर बाहेर, किट आत, मागच्या दांड्यातल्या बफर-स्प्रिंगला हातही लावायचा नाही, .२२ ची मॅगझिन लावली की झालं. ट्रिगर तोच, सेफ्टी तीच, वजन तेच, रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायचं साधन) तोच. वेगळ्या अप्परवर, म्हणजे नळीसकट रायफलच्या अख्ख्या वरच्या भागावर, दुपटीने पैसे घालणं मला तरी पटत नाही. कुणाला पटत असेल तर कारण सांगा.

नळीवाला:
दादा, पैसे वाचतात हे कबूल, पण नेमाचं काय? .२२ साठी बनवलेल्या नळीत ट्विस्ट १:१६ असतो, म्हणजे १६ इंचात एक फेरा, आणि तुमच्या नळीत ७ इंचातच एक. त्या ४० ग्रेनच्या मऊ शिशाच्या गोळीला एवढी गिरकी लागतच नाही. वर किटच्या तोंडाशी ५.५६ च्याच जातीच्या .२२३ गोळीच्या पितळी केससारखं दिसणारं चेंबर अडॅप्टर असतं, गोळी त्यातून सुटते, थोडं अंतर मोकळीच जाते आणि मग रायफलिंगच्या खाचा पकडते, त्यात तिची पार वाट लागते. मी दोन वर्षं किट वापरला, ५० यार्डावर तीन इंचाच्या आत ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा झुबका) येईना. .२२ चा अप्पर घेतला, तोच लोअर (ट्रिगरचा खालचा भाग), तोच ट्रिगर, तेच राउंड, ग्रुप इंच-सव्वा इंचावर आला. शिकणाऱ्या माणसाला गोळी बाजूला गेली तर चूक आपली की नळीची हे कळायला नको का?

केटीकर:
तीन इंच म्हणजे ५० यार्डावर टिनचा डबा आरामात पडतो की. आम्हाला कुठे मॅच खेळायचीय.

नळीवाला:
डब्याचं ठीक, पण अजून आहे. .२२ ब्लोबॅकवर चालते, बोल्ट लॉक होत नाही, नुसतं वजन आणि स्प्रिंग. गॅस ट्यूबचं काही कामच नसतं, पण तुमच्या ५.५६ च्या नळीत गॅस पोर्ट (गॅस बाहेर घेणारं भोक) तर आहे ना, शिसं आणि काजळी तिथे जाऊन बसते. नुसती शिशाची गोळी वापरूच नका, तांब्याचा मुलामा असलेली हाय व्हेलॉसिटीच घ्या, आणि शेवटी ५.५६ चे थोडे राउंड मारून पोर्ट मोकळं करा. आणि रेड डॉट तोच म्हणालात, पण झिरो (नेमाची जुळवणी) तोच राहत नाही. ५.५६ जाते सेकंदाला ३,००० फुटांच्या आसपास, .२२ जाते साधारण १,२०० ने. दर वेळी किट बदलला की परत झिरो करा, त्यातच तीस-चाळीस राउंड जातात. अप्परवर स्वतःचा रेड डॉट लावून ठेवला की दोन पिना काढा, बदला, मारा.

ऑस्टिनची_ताई:
तुमचं दोघांचं चाललंय चाललंय, पण शिकणार आहे ती बाई, तिचं कुणी विचारलंच नाही. मी चार वर्षांपूर्वी नव्यानेच शिकले. सामान लावलेली पूर्ण एआर धरून दहा मिनिटांत माझे खांदे दुखायचे, नेम नंतरची गोष्ट. मग स्मिथ अँड वेसनची १५-२२ हातात घेतली, अप्पर-लोअर दोन्ही पॉलिमरचे, वजन साडेपाच पौंडांच्या आसपास, सेफ्टी आणि मॅगझिन बटण जिथल्या तिथे. एका दुपारी दीडशे राउंड मारले आणि परत यायची इच्छा शिल्लक होती. अप्पर आणि वर दुसरा रेड डॉट धरला तर वेगळी रायफल काही फार लांब नाही. नाहीतर रुगर १०/२२ आहेच, १९६४ पासून चालू आहे, भाग कुठेही मिळतात.

जुना_कॅडेट:
ताई, वजनाचा मुद्दा मान्य, पण मी केटीकरांच्या बाजूने. पुण्यात कॉलेजला एनसीसीत आम्ही .२२ वरच शिकलो, २५ यार्डावर पालथं पडून. त्यातली जुनी नंबर २ मार्क ४ म्हणजे ली-एनफिल्डचंच .२२ रूप. अंग मोठ्या रायफलचं, गोळी लहान. खांद्याला, गालाला, हाताला मोठ्या रायफलची सवय लागावी म्हणूनच ते केलेलं. हलकी रायफल घेऊन शिकलात की एक दिवस जड धरावी लागतेच, मग परत पहिल्यापासून. ग्रुपिंग नंतर येतं हो, आधी श्वास आणि ट्रिगर.

ऑस्टिनची_ताई:
काका, तुम्ही अठरा वर्षांचे होतात आणि डोक्यावर हवालदार उभा होता. इथे पहिल्या दिवशी घाबरलेला माणूस दुसऱ्या रविवारी येतच नाही, हे मी तीन मैत्रिणींचं बघितलंय.

डॅलस_नवा:
मध्येच विचारतो, मी एच-१बी वर आहे. अप्पर तर थेट घरी मागवता येतो म्हणे, मग मी फक्त अप्पर घेऊन मित्राच्या लोअरवर लावला तर?

नळीवाला:
नको रे बाबा. अप्पर कायद्याने फायरआर्म नाही, सिरियल नंबर लोअरवर असतो, म्हणून अप्पर घरी येतो आणि अख्खी रायफल घ्यायची तर डीलरकडे फॉर्म ४४७३ भरून बॅकग्राउंड चेक होतो, इथपर्यंत बरोबर. पण एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे. शिकारीचं लायसन वगैरे अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून समजून घे. इथे कुणी हो म्हटलं म्हणून काही करू नकोस, ग्रीन कार्डच्या रांगेत एवढी वर्षं घालवतोस ते काय यासाठी?

केटीकर:
हे फार बरं सांगितलंत. आता मूळ विषय. झिरोचा मुद्दा मला पटला, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण माझ्यापुरता मी किटच घेणार, मला ५० यार्डावर ट्रिगर सुधारायचाय. बायकोसाठी मात्र ताईंचं ऐकतो. ताई, पुढच्या महिन्यात ह्यूस्टनला येणार आहात ना, १५-२२ आणाल का? गोळ्या माझ्याकडून.

ऑस्टिनची_ताई:
आणते. तिला आधीच सांगून ठेवा, .२२ मध्ये फुसकी गोळी जास्त निघते. चाप ओढला आणि काही झालं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबायचं, मगच बोल्ट ओढायचा. आवाज नुसता फुस्स आला तर लगेच थांबायचं, रायफल रिकामी करून नळी तपासल्याशिवाय पुढची गोळी नाही. आणि जेवायच्या आधी हात गार पाण्याने साबण लावून धुवायचे, शिसं असतं.

नळीवाला:
मी पण येतो, माझा अप्पर घेऊन. केटीकर, तुमच्याच लोअरवर आधी तुमचा किट, मग माझा अप्पर, राउंड एकाच डब्यातले, ५० यार्डावर बेंचवरून दहा-दहा. मोजपट्टी काकांच्या हातात.

जुना_कॅडेट:
येतो. टार्गेटवर आधीच नावं घाला, नंतर हे माझं ते तुझं नको.