कालवड माजावर येईना, की लगेच खनिज मिश्रण?

वैरणवाला: कालवड माजावर आली नाही की सल्ला ठरलेला, मिश्रण चालू करा. वय सगळे विचारतात, वजन कुणीच नाही. मोठ्या गाईच्या निम्म्याच्या आसपास वजन भरलं की पहिला माज दिसतो, 55-60 टक्के झालं की भरवायची, म्हणजे रेतन करायचं. 400 किलोच्या जातीत म्हणजे 220-240 किलो. 170 किलोची कालवड मिश्रण चाटून गाभण राहत नसते. आधी छातीला टेप लावून वजन काढा, जंताचं औषध पाजा, खुराक बघा.

गोठेकरी: वजनाचं मान्य. पण वजन भरलेल्या कालवडी मुका माज करतात, म्हणजे खुणाच दाखवत नाहीत, किंवा दोन-तीनदा उलटतात, म्हणजे भरवूनही गाभण राहत नाहीत, त्यांचं काय? तांबं, जस्त, मँगनीज, आयोडीन कमी पडलं की हेच होतं. नुसत्या वाळल्या वैरणीवरच्या कालवडीच्या डोळ्यांभोवतीचे केस बघा, रंग उडून चष्मा घातल्यागत दिसतात. ती तांब्याची खूण.

वैरणवाला: केस उन्हानंही भुरकटतात. फॉस्फरसचंही असंच झालं. माज नाही की द्या फॉस्फरस! गरज भागल्यावरचा जादा फॉस्फरस बहुतेक शेणावाटे जातो. कोंडा खाणाऱ्या जनावराला तो आधीच भरपूर मिळतो.

रवंथ: दोघंही मिश्रणाच्या पुडीवर बोलताय, पुडीत काय आहे ते बघा. कॉपर ऑक्साइडची पावडर अंगी फारशी लागत नाही, सल्फेट लागतं. त्यातही पाण्यात गंधक किंवा चाऱ्यात मॉलिब्डेनम जास्त असेल तर ते पोटातच तांब्याला बांधून टाकतात. रक्ताचा रिपोर्टही फसवतो, कारण साठा यकृतात असतो. तो संपत आला तरी रक्तात तांबं ठीक दिसतं. आणि दोन कंपन्यांची मिश्रणं एकत्र देऊ नका, सेलेनियम जास्त होऊ शकतं. सेलेनियमची गरज किलोभर कोरड्या चाऱ्यामागे 0.3 मिलिग्रॅम, 5 च्या पुढे विषबाधेची भीती.

गोठेकरी: यकृताचा नमुना किती जण काढणार? एक माज हुकला की 21 दिवस गेले. बेताचं मिश्रण रोज दिलं तर बिघडलं काय? गाभण कालवडीला सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तर व्याल्यावर वार (झार) अडकायचा धोकाही वाढतो.

वैरणवाला: गाभण कालवडीला द्या की, त्यावर वाद नाहीच. माझं भांडण बरगड्या मोजता येणाऱ्या कालवडीपुढे पुडी फोडण्याशी आहे. तुमच्या उलटणाऱ्या कालवडी माजाच्या कितव्या तासाला भरवल्या, ते मात्र अजून कळलं नाही.