मदत हवी आहे: ठिबक तंत्रज्ञ परीक्षेचा कट-ऑफ, अँगॉफची दुसरी फेरी कशी घ्यावी?

जळगाव-धुळे भागातल्या ठिबक बसवणाऱ्या कारागिरांच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी अँगॉफ पद्धतीने (परीक्षकांच्या अंदाजांवरून उत्तीर्णतेची रेषा ठरवणं) कट-ऑफ काढतोय. 60 प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, 9 परीक्षक. 'जेमतेम लायक' अशा 100 कारागिरांपैकी किती जणांचं उत्तर बरोबर येईल, हा अंदाज प्रत्येक प्रश्नाला. पहिल्या फेरीत प्रत्येक परीक्षकाच्या अंदाजांची गुणांत बेरीज केली (100 पैकी 70 म्हणजे 0.7 गुण); त्या बेरजांची सरासरी 41.4, प्रमाण विचलन 5.4, म्हणजे प्रमाण त्रुटी (ही सरासरी साधारण किती इकडे-तिकडे असू शकते ते) 5.4 ÷ √9 = 1.8 गुण. एवढ्यात रावेर-यावलकडची बरीच पोरं आत-बाहेर होतील.

दोघांनी जवळपास सगळीकडे 90 लिहिलंय. डोळ्यासमोर जेमतेम नव्हे, मुरलेला कारागीर असावा. एकाने सँड फिल्टरच्या बॅकवॉशच्या (उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुण्याच्या) प्रश्नाला 15 दिले, नुसत्या अंदाजपंचेनेच 25 यायला हवेत. (चुकीचा पर्याय फारच फसवा असेल तर 15 खरंही असेल, मान्य.)

दुसऱ्या फेरीआधी प्रत्येक प्रश्न प्रत्यक्षात किती टक्के उमेदवारांनी सोडवला, ते दाखवावं का? दाखवलं की सगळे तिकडेच झुकतात. त्या दोघांना वगळावं, पुन्हा समजावून बसवावं, की सरासरीऐवजी मध्यक घ्यावा? कट-ऑफ एक प्रमाण त्रुटीने खाली आणला तर नोंदीत कारण काय लिहिता?

'सरळ 40 टक्के ठेवा' हा सल्ला मात्र नको.