मॅग्नेशियमचा रिपोर्ट नॉर्मल असताना मिनरलच्या गोळ्या सुरू कराव्यात का?

प्रश्न : कोथरूडची गृहिणी
माझ्या यजमानांचे वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ८६ किलो आहे. उपाशीपोटीची साखर १०८, उपाशीपोटीचे इन्सुलिन १८ आणि रक्तातील मॅग्नेशियम १.८ आले. रक्तदाबासाठी थायझाइड गटातील गोळी आणि पित्तासाठी पॅन्टोप्राझोल ते तीन वर्षांपासून घेत आहेत. ओळखीच्या एका गृहस्थांनी मॅग्नेशियम, झिंक व क्रोमियम एकत्र असलेल्या गोळ्या सुचवल्या आहेत. त्या द्याव्यात का?

उत्तर : फिजिशियन, सदाशिव पेठ
ताई, १८ गुणिले १०८ भागिले ४०५ केले की होमा-आयआर, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देते याचा अंदाज देणारा आकडा, ४.८ येतो. यावरून इन्सुलिन रेझिस्टन्स (पेशी इन्सुलिनला नीट दाद न देणे) आहे असे मानायला हरकत नाही. शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायूंत व इतर पेशींत, आणि रक्तद्रवात जेमतेम एक टक्का किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे १.८ हा नॉर्मलच्या खालच्या टोकाशी असलेला आकडा पेशींतला साठा पुरेसा असल्याची हमी देत नाही. इन्सुलिन पेशीवरच्या रिसेप्टरला (ते ओळखणाऱ्या जागेला) चिकटल्यावर त्याचा संदेश पेशीच्या आत पोहोचवणाऱ्या एन्झाइमला मॅग्नेशियम लागते. ते कमी पडले, तर रक्तात भरपूर इन्सुलिन असूनही पेशी त्याला नीट दाद देत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती त्या दोन गोळ्यांच्या जोडीची. थायझाइडमुळे मॅग्नेशियम आणि पोटॅशियम लघवीवाटे जातात, तर पॅन्टोप्राझोल दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून मॅग्नेशियम शोषले जाणे कमी होऊ शकते. पोटॅशियम घसरले की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणेही मंदावते. म्हणून पोटॅशियम व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे आहे ते सांगणारी तपासणी) तपासून घ्या आणि पॅन्टोप्राझोलची अजून गरज आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

क्रोमियमची कमतरता आपल्या आहारात क्वचितच आढळते. झिंक गरजेपेक्षा जास्त काळ व जास्त प्रमाणात घेतले, तर शरीरातील तांबे कमी होते. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय अशी एकत्र गोळी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : आहारतज्ज्ञ, औंध
हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी रोज ४४० मिलिग्रॅम मॅग्नेशियमची शिफारस केली आहे. पॉलिश केलेल्या तांदळात ते फारसे उरत नाही, म्हणून रात्रीच्या भाताऐवजी ज्वारीची किंवा बाजरीची एक भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ आणि तिळाची चटणी असे जेवण ठेवून पाहा. कडधान्याला मोड आणल्याने खनिजे अडवून धरणारे फायटेट कमी होते. मात्र केवळ खनिजांनी पोटाची चरबी हटत नाही. भारतीय पुरुषासाठी पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा. वजनाच्या काट्याबरोबर टेपही हाताशी ठेवा, कारण आपल्याकडे बेताच्या वजनाच्या माणसातही चरबी पोटाभोवती साठते. हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या संशोधनातून दाखवले आहे.

उत्तर : वारज्याचा रहिवासी
क्रिएटिनिनचा मुद्दा कृपया हलका घेऊ नका. माझ्या वडिलांचे मूत्रपिंड अशक्त असताना आम्ही न विचारता मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या. ते शरीरात साठून त्यांना विलक्षण ग्लानी आली आणि दवाखान्यात दाखल करावे लागले.

कोथरूडची गृहिणी
आपणा सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच टेपने मोजले, घेर १०४ सेंटिमीटर आहे. गोळ्यांची बाटली उघडलेली नाही. सोमवारी दोन्ही औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन डॉक्टरांकडे जात आहोत.